इंजिन शेवटी पाहावे : निपाणीच्या वखारीतील पद्मिनी

वर्षानुवर्षे बंद असलेली मोटार विकत घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास इंजिनाचा विचारतो, आणि ते चालू होत नाही असे कळले की तिथूनच माघारी फिरतो. निदान बेळगाव परिसरात राहणाऱ्याने तरी हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, असे माझे मत एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी करताना पक्के झाले. ज्या गावात उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत आहे, फाउंड्रीपासून बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि बारीक लेथकामापर्यंत सगळे हात जवळच उपलब्ध आहेत, तिथे जाम झालेले इंजिन हा खर्चाचा विषय असतो, चिंतेचा नव्हे. खरी चिंता दोनच गोष्टींची करावी, पत्र्याची आणि कागदांची. सडलेला पत्रा मूळ रूपात परत येत नाही आणि हरवलेले आरसी बुक कोणत्याही लेथवर कातून मिळत नाही.

ज्यांनी ही गाडी फक्त सिनेमात किंवा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात पाहिली असेल, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट झाली, मध्ये काही काळ तिला प्रेसिडेंट म्हटले गेले आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव कायम झाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा चार गिअरचा दांडा, मागे कमानपाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, एवढ्या भांडवलावर या गाडीने दोन-तीन पिढ्यांची लग्ने, बाळंतपणे आणि देवदर्शने पार पाडली. आमच्या भागात तंबाखूचे व्यापारी, डॉक्टर, वकील आणि साखर कारखान्यांचे संचालक यांच्या दारात ती दिसत असे.

मला मिळालेली गाडी १९८४ सालची, आणि ती निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत उभी होती. मालक वारल्यानंतर ती कोणी बाहेर काढली नव्हती. वखारीचे दार उघडताच तंबाखूच्या धुरळ्याने घसा खवखवला आणि त्या धुरळ्याचा पिवळट थर बॉनेटपासून डिकीपर्यंत सारखा बसलेला दिसला. तंबाखूच्या वासाला उंदीर फिरकत नाहीत असे तिकडे सांगतात. मागच्या सीटखाली कुरतडलेल्या वायरिंगकडे पाहता निपाणीच्या उंदरांना हे कोणी कळवले नसावे. मात्र मालकांनी जाण्यापूर्वी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती आणि खालची फरशी कोरडी होती, या दोन गोष्टी मला वासापेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटल्या.

मालकांच्या घरच्या काकूंनी व्यवहाराआधीच स्पष्ट सांगितले, "गाडी चालू हाय म्हणून सांगणार न्हाई. ह्यांनी लावली ती लावलीच." मी कागदांची चौकशी केली तेव्हा त्या आत गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन आल्या. "कागद मात्र सगळे हायत बगा. ह्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाई." पिशवीत आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या, जुने विमापत्र, एवढेच नव्हे तर पहिल्या सर्व्हिसिंगचे बिलही होते. इंजिनाकडे मी तोपर्यंत पाहिलेही नव्हते, तरी निर्णय तिथेच जवळजवळ झाला.

पत्रा पाहण्याची माझी पद्धत साधी आहे. एक छोटे लोहचुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या कमानी आणि पायदानाच्या पट्ट्या यांवरून फिरवायचे. जिथे चुंबक धरत नाही, तिथे पत्र्याच्या जागी लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असते, वरचा रंग कितीही चकचकीत असो. नंतर गाडीखाली आडवे होऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. पद्मिनीच्या बाबतीत हे फार गरजेचे आहे, कारण जीपसारखी तिला वेगळी चॅसिस नाही. शरीराचा पत्रा हाच तिचा सांगाडा, आणि दोन्ही बाजूंच्या खालच्या पेट्या सडल्या तर जॅक लावताच दारे बंद व्हायची थांबतात. या गाडीत चालकाच्या पायाखालचा पत्रा चाळणी झालेला होता, डिकीच्या तळालाही गंज होता, पण पेट्या ठणठणीत होत्या. हीच गाडी खानापूर-जांबोटीच्या पावसात एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये तितकीच वर्षे उभी असती, तर माझ्या मते ती भंगारवाल्याकडेच जाण्याच्या लायकीची उरली असती. सौदा ८५,००० रुपयांना ठरला.

कागदांचे काम कंटाळवाणे असले तरी ते आधी उरकावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मूळ मालक हयात नसल्याने आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या, म्हणजे काकूंच्या नावावर झाली, मग फॉर्म २९ आणि ३० भरून ती माझ्या नावावर आली, आणि नूतनीकरणासाठी फॉर्म २५ सोबत प्रत्यक्ष गाडी तपासणीस न्यावी लागली. १ एप्रिल २०२२ ला १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले होते, २० वर्षांवरील मोटारीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले, आणि उशिराचा दंड त्याशिवाय असतो, हे सौद्याच्या वेळीच हिशेबात धरावे. आपल्याकडे सीमेमुळे आणखी एक पेच आहे. कोल्हापूर किंवा सांगलीच्या नंबरची गाडी स्वस्त दिसते म्हणून मोह होतो, पण परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवायची तर तिकडचे ना-हरकत पत्र आणून इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि इथला करही भरावा लागतो. वीस किलोमीटरवर मावशीचे घर असले तरी कायद्याच्या लेखी ते दुसरे राज्य. माझी गाडी सुरुवातीपासून बेळगाव नोंदणीची असल्याने हा फेरा वाचला.

निपाणी ते बेळगाव हे सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर गाडी टोचन करून आणावी, असा सल्ला अनेकांनी दिला. तवंदी घाट ओलांडायचा असताना ब्रेक नसलेली गाडी दोराने बांधून आणणे हा शुद्ध अविचार आहे. सपाट हौद्याच्या टेम्पोचे भाडे जास्त पडले, ते मी आनंदाने दिले.

मिस्त्रींच्या शेडमध्ये गाडी आल्यावर पहिले काम ब्रेकचे झाले. चाके जाम होती, कारण ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले की चाकांतील छोट्या सिलिंडरांचे पिस्टन गंजून बसतात. मास्टर सिलिंडर होन करून, म्हणजे आतून घासून, त्यात नवे किट घातले, चाकांचे सिलिंडर मात्र सगळे बदलले आणि स्टीलच्या नळ्याही नव्या टाकल्या. त्यानंतर पेट्रोलची टाकी उतरवली. तळाशी मधासारखा घट्ट, आंबूस वासाचा राळेसारखा थर बसला होता. टाकीत मूठभर जुने नट-बोल्ट आणि थिनर घालून ती हलवत राहिल्यावर तांबडा गाळ सुटला. पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप नव्या प्रतीचे घातले. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला खाते आणि पाणीही ओढते, त्यामुळे क्वचित चालणाऱ्या गाडीची टाकी अर्धवट ठेवू नये.

आता इंजिन. मिस्त्रींनी बॅटरी जोडायला साफ नकार दिला. "सेल मारायचा न्हाई. आदी हातानं फिरलं पायजे, मग बाकीचं," असे म्हणून त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण सोडले आणि गाडी तशीच ठेवली. काही दिवसांनी ती चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी हळूहळू मागे-पुढे हलवली, तेव्हा पंख्याचे पाते बोटभर सरकले. कोरड्या सिलिंडरवर स्टार्टरने जोर केला असता, तर चिकटलेल्या रिंगा तुटून भिंतीवर ओरखडे पडले असते. पुढे हेड उतरवले तेव्हा दोन सिलिंडरांत गंजाचे खड्डे दिसलेच. ६८ मिलिमीटरचा मूळ बोअर मोठा करण्याऐवजी उद्यमबागेत चारही सिलिंडरांना लायनर, म्हणजे आतून नव्या नळ्या, मारून मूळ मापावर आणले, क्रँक घासून घेतला, अ‍ॅल्युमिनियमचे हेड सपाट करून व्हॉल्व्ह नव्याने बसवले. संपूर्ण प्रकल्पात वेळेवर आणि ठरल्या पैशांत झालेले काम हे एकमेव.

सर्वांत जास्त समाधान मात्र एका क्षुल्लक वस्तूने दिले. या गाडीचा गिअर स्टीअरिंगच्या खालून लोखंडी कांड्यांच्या साखळीने गिअरच्या पेटीपर्यंत पोहोचतो आणि प्रत्येक सांध्यात एक बुश, म्हणजे छोटी नळी, असतो. ते झिजले की दांडा वाऱ्यावर हलल्यासारखा हलतो आणि दुसरा गिअर टाकायला गेले की उलटाच पडतो. बाजारात मिळालेले रबरी बुश दोन-चार वेळा दाबताच चपटे झाले. मग उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडे मी झिजलेली पिन आणि कांडी घेऊन बसलो. त्याने व्हर्नियर लावला, नायलॉनची कांडी चकमध्ये धरली, पांढरी सालपटे जमिनीवर पडू लागली आणि चहा येईपर्यंत सगळे बुश तयार झाले. पैसे विचारले तर म्हणाला, "चहाचं तुमी द्या, झालं." ते बसवल्यावर गिअर असा स्पष्ट पडू लागला की मी उभ्या गाडीतच बराच वेळ दांडा वर-खाली करत बसलो.

पत्रा आणि रंग यांसाठी दिवाळी उलटेपर्यंत थांबावे लागले. ड्युको रंग दमट हवेत मारला तर तो वाळताना पांढुरका पडतो, आणि जून ते सप्टेंबर बेळगावची हवा कशी असते हे इथल्यांना सांगायला नको. चालकाच्या पायाखालचा पत्रा कापून तेवढ्याच जाडीचा नवा वेल्ड केला. काचेभोवतीचे रबर तडकल्याने पाणी तिथून आत झिरपत होते, त्यामुळे ते न बदलता नुसता तळ दुरुस्त करणे व्यर्थ ठरले असते. फिकट हिरवा मूळ रंग डिकीच्या आतल्या कोपऱ्यात शाबूत होता, त्यावरून छटा जुळवली.

सुट्या भागांची परिस्थिती दिवसेंदिवस बिकट होत जाणार, असे मला वाटते. इतकी वर्षे पद्मिनीचे भाग मिळत राहिले ते आपल्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे, तर मुंबईच्या टॅक्सींमुळे. रोज रस्त्यावर पळणाऱ्या त्या हजारो गाड्यांसाठी क्लच प्लेट, पंपाचे किट, पॅकिंग बनवणे छोट्या कारखानदारांना परवडत होते. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. यांत्रिक भाग अजून कुर्ल्याच्या बाजारात शोधल्यावर सापडतात, पण क्रोमच्या पट्ट्या, दारांची हँडले, दिव्यांच्या कड्या टॅक्सीवाल्यांनी कधी मागितल्याच नाहीत, त्यामुळे त्यांचा तुटवडा आधीपासूनच आहे.

गाडी सध्या पासिंग होऊन रस्त्यावर आहे. दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या दुपटीच्या पुढे गेला आणि त्यातला मोठा वाटा इंजिनाने नव्हे, पत्र्याने आणि रंगाने घेतला. उन्हाळ्यात घाट चढताना तापमानाचा काटा अजून नको तितका वर सरकतो, म्हणून रेडिएटरचा कोअर बदलायचा आहे. उजव्या हेडलाइटची क्रोमची कडी मात्र कुठेच मिळत नाही. संकेश्वर, चिकोडी, गोकाक, गडहिंग्लज या बाजूला कोणाच्या परड्यात मोडीत निघालेली पद्मिनी उभी असेल, तर भंगारात घालण्यापूर्वी खाली कळवावे. कडीसाठी मी स्वतः येऊन जाईन.