दाढ काढली, पुढे काय बसवायचं?

गेल्या वर्षभरात आमच्याकडे दोघांचं दातांचं काम झालं, ह्यांची खालची दाढ आणि आईची कवळी, त्यामुळे सध्या नातेवाईकांत मी अर्धी डेंटिस्ट आहे. फोन आला की प्रश्न एकच, ब्रिज करू की इम्प्लांट? आणि लगेच, स्वस्त काय पडेल? मी उलट विचारते की गेलेल्या दाताच्या शेजारचे दात कसे आहेत ते आधी सांग, कारण खरं तर त्यावरच सगळं ठरतं.

ब्रिज म्हणजे काय तर दोन्ही बाजूचे दात तासून बारीक करायचे, त्यांच्यावर कॅप चढवायच्या आणि मधला खोटा दात त्या दोन कॅप्सना जोडलेला. आता शेजारचे दात धडधाकट असतील, साधं फिलिंगसुद्धा नसेल, तर एका दातापायी दोन चांगले दात तासायला माझं तरी मन होत नाही. पण आमच्या वहिनीच्या दोन्ही बाजूंना आधीच रूट कॅनल झालेलं, कॅप तशाही बसवायच्याच होत्या, तिला ब्रिजच बरा पडला आणि दोन-तीन आठवड्यांत विषय मिटला. फक्त खोट्या दाताच्या खालून रोज स्वच्छ करावं लागतं, त्यासाठी वेगळा फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा दोरा मिळतो. तिथे घाण साठली तर कॅपच्या आत कीड लागते आणि दुखेपर्यंत कळतही नाही.

ह्यांचं प्रकरण वेगळं. दाढ काढून बरीच वर्षं झालेली, "दुसऱ्या बाजूने चावता येतंय की" हे ठरलेलं उत्तर. तोवर मागची दाढ पुढे कलली, वरची दाढ खाली समोर काही नाही म्हणून उतरायला लागली आणि तिथलं हाड बारीक झालं. दात काढल्यावर हाड सगळ्यात जास्त झिजतं ते पहिल्या वर्षातच. कललेल्या दाढेवर ब्रिजही नीट बसत नाही, मग सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, करून इम्प्लांट ठरलं. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला धरेपर्यंत साधारण ३ ते ६ महिने थांबायचं, मग वर कॅप. टायटॅनियमला हाड असं घट्ट धरतं हे ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाला सशाच्या हाडावर भलताच प्रयोग करताना कळलं, आणि माणसाच्या तोंडात पहिलं इम्प्लांट त्याने १९६५ साली बसवलं. म्हणजे "हे नवीन फॅड आहे" म्हणणाऱ्या काकांनी जरा दमानं घ्यावं. हां, शुगर कंट्रोलमध्ये नसेल किंवा सिगरेट, तंबाखू, मिश्री चालू असेल तर इम्प्लांट फेल जायची शक्यता वाढते, हे डॉक्टरांपासून लपवू नका.

आईचं तर वेगळंच. तिची वरची कवळी टाळूला चिकटून मस्त बसते, खालची मात्र जीभ हलली की तरंगते, बहुतेकांचं हेच रडगाणं असतं. पावडर, पेस्ट सगळं झालं. शेवटी खाली पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट घालून त्यावर खटकन बसणारी कवळी केली. आधी "अगं, ह्या वयात हाडात स्क्रू कसले ठोकतेस" म्हणाली, पण नुसतं वय आड येत नाही, तब्येत आणि औषधं बघावी लागतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगायचंच. आता भाकरी खाते, चिक्कीचा नाद मात्र सोडलाय. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात टाकली तर वाकडी होते. आणि ती खटक्याची रिंग झिजते, अधूनमधून बदलावी लागते.

अक्कलदाढ गेली असेल तर काहीच बसवायचं नसतं, आणि अगदी शेवटची दाढ गेली तरी बऱ्याचदा डॉक्टर राहू द्या म्हणतात. खर्च झेपत नसेल तर मुंबईत नायर डेंटल किंवा सरकारी डेंटल कॉलेज आहे, नागपूरलाही सरकारी आहे, पैसे कमी लागतात, फक्त चकरा मारायची तयारी ठेवा.

आणि इम्प्लांट केलंच तर कंपनीचं नाव आणि साईज लिहिलेलं कार्ड किंवा स्टिकर मागून घ्या आणि फाईलला लावून ठेवा. प्रत्येक कंपनीचे पार्ट वेगळे असतात, उद्या दुसऱ्या गावात कॅप सैल झाली तर तिथला डॉक्टर पहिलं तेच विचारणार.