टाकी नंबर सात

बिअर चाखण्याचं काम मी नऊ वर्षं करते आहे. इतकी सुंदर विंटर एल, म्हणजे थंडीसाठीची कडक इंग्लिश बिअर, त्या नऊ वर्षांत माझ्या जिभेवर आलेली नाही, आणि ती टाकून द्यावी या शिफारशीखाली सही माझीच आहे. गोष्ट ऑक्टोबरमधली. आता फेब्रुवारी सरत आला तरी मनातून जात नाही.

मी यॉर्कशरमधल्या एका जुन्या ब्रुअरीत क्वालिटी विभागात आहे. पुण्यात मायक्रोबायॉलॉजी केलं, इकडे ब्रुइंग शिकायला आले आणि इथलीच झाले. इथल्या मराठी मंडळींत कुणी नोकरी विचारली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "वा, मजा आहे तुझी!" मला याचा मनापासून राग येतो. चाखण्याच्या दिवशी सकाळपासून कॉफी नाही, अत्तर नाही, वासाचा साबण नाही, आदल्या रात्री लसणाची फोडणी नाही. सकाळी अकराला, भूक नुकती चाळवायला लागते तेव्हा बसायचं, कारण जीभ तेव्हा सगळ्यात जागी असते. ग्लास गडद निळे, म्हणजे रंग बघून मत बनत नाही. समोर तीन ग्लास, त्यातले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एकट्याच्या उत्तराला अर्थ नसतो, सगळ्यांची उत्तरं एकत्र मांडावी लागतात. वाइनसारखं थुंकायचं नाही, कारण बिअरचा कडवटपणा घोट खाली उतरल्यावर कळतो. घोट मात्र चमचाभराचा. मग पाणी, बिनमिठाचं बिस्किट, आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी आमच्यासमोर वर्षातली सगळ्यात महत्त्वाची बिअर होती. इंग्लंडमध्ये थंडीसाठी कडक एल करण्याची रीत जुनी आहे. स्टॉकपोर्टच्या रॉबिन्सन्सची 'ओल्ड टॉम' 1899 पासून चालू आहे, नाव ब्रुअरीतल्या मांजराचं आणि ताकद साडेआठ टक्के. लंडनच्या फुलर्सची 'व्हिंटेज एल' 1997 पासून दर वर्षी निघते आणि लोक ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवतात. आमची त्याच घराण्यातली, पण ताकदीला 8.2. हा आकडा चवीतून आलेला नाही, करातून आला आहे. ऑगस्ट 2023 पासून इथे दारूवरचा कर अल्कोहोलच्या टक्क्यावर बसतो. साडेआठला पोचलं की वरचा दर लागतो आणि पबमध्ये नळातून विकल्या जाणाऱ्या बिअरची सवलतही जाते. शंभर वर्षांच्या पाककृतीचा आकडा कर खात्याने ठरवावा, हे मला पटत नाही, पण आम्ही तेच करतो.

करायची पद्धत सुंदर आहे. मोड आणून भट्टीत वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात भिजवायचे. त्यातून पहिल्यांदा जो रस निथळतो तो नारळाच्या पहिल्या दुधासारखा दाट आणि गोड असतो. विंटर एलला फक्त तोच घ्यायचा. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पातळ रस काढतात, त्याची हलकी बिअर होते. दाट रस दोन तास उकळायचा, फगल आणि गोल्डिंग्ज हे इंग्लिश हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालायचे, यीस्ट सोडायचं. आमच्या रसाची सुरुवातीची ग्रॅव्हिटी 1084 असते, म्हणजे पाणी 1000 धरलं तर हे त्याहून इतकं जड. यीस्ट साखर खात जातं तसा आकडा उतरतो आणि 1021 ला थांबतो. उरते ती साखर आमच्या यीस्टला पचत नाही. तीच बिअरला अंग देते. मग मेपासून ऑक्टोबरपर्यंत बिअर स्टीलच्या टाकीत नुसती पडून राहते.

तर अकरा वाजता आम्ही सहाजण बसलो. दोन ग्लास मागच्या वर्षीच्या राखून ठेवलेल्या बाटल्यांतले, एक टाकी नंबर सातमधला. आमची नेहमीची विंटर एल मला पाठ आहे: काकवी, खारीक, मनुका, करपायच्या एक क्षण आधी उतरवलेला साखरेचा पाक, संत्र्याची साल, आणि शेवटी फगलचा ओल्या मातीसारखा कडवटपणा. पहिले दोन ग्लास तसेच होते. तिसरा नाकाशी नेला आणि हात थांबला.

पावसात भिजलेल्या कोल्हापुरी चपलेचा वास. चामडं, तेल आणि खाली थोडासा तबेला. हे वाचून किळस येईल, मला आली नाही. त्या वासाच्या मागे अननसाचा मुरंबा होता, त्याच्याही मागे लवंग. घोट घेतला तर काकवी होती, पण तिचा चिकट गोडवा गेला होता. जड साय कुणी अलगद काढून घ्यावी आणि खालचं निर्मळ दूध दिसावं तसं काहीतरी. खारकेच्या जागी बी काढून वाळवलेली आंबट चिंच. आणि शेवट संपतच नव्हता. घोट गेल्यावर मिनिटभराने छातीत आल्याच्या काढ्यासारखी ऊब पसरली आणि जिभेवर पुन्हा लवंग आली. मी दुसरा चमचाभर घोट घेतला, तो कामासाठी घेतलेला नव्हता.

सहाही जणांनी वेगळा ग्लास बरोबर ओळखला. पण काय लिहिलं? दोघांनी 'ऑक्सिडाइज्ड', म्हणजे हवा लागून शिळी. एकाने 'शेरीसारखी, उत्तम'. विक्री विभागातून आलेल्या मुलाने नुसता बदाम काढला. शिकाऊ मुलगी कोरा कागद धरून माझ्याकडे बघत राहिली. सहावी मी. आमच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात: बिअर नेहमीच्या नमुन्याप्रमाणे आहे किंवा नाही. खाली दोषांची यादी, त्यात 'चामडं, तबेला' दोषांतच मोडतं. शेऱ्याच्या जागेवर मी काय लिहिलं ते माझंच मला नंतर दिसलं. देवनागरीत एकच शब्द होता, 'मुरलेली'.

हेड ब्रुअरनी तो कागद उचलून विचारलं, "हे काय लिहिलं आहेस?" मला इंग्रजीत एका शब्दात सांगता येईना. मी लोणच्याच्या बरणीपासून सुरुवात केली. मीठ, तेल, कैरी, दादरा बांधून ठेवलेले महिने. नासणं वेगळं, विटणं वेगळं, आंबणं वेगळं आणि मुरणं वेगळं, आमच्याकडे यात कुणाची गल्लत होत नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे 'स्टेल' म्हणायचे." आज स्टेल म्हणजे शिळं. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथल्या पबमध्ये 'स्टेल' म्हणजे बरेच महिने मुरवलेली बिअर, आणि ती ताज्या 'माइल्ड'पेक्षा महाग विकली जायची. शब्द तोच राहिला आणि त्याची अब्रू गेली.

पण मला चवीपेक्षा एका आकड्याने जास्त धरलं होतं. टाकीच्या नोंदवहीत जुलैच्या शेवटी ग्रॅव्हिटी 1021, सप्टेंबरच्या सुरुवातीला 1020, मग 1019. मी तेव्हाच विचारलं होतं. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने तापमानाची दुरुस्ती चुकली असेल म्हणून सोडून दिलं. वीस वर्षं नोकरी केलेला माणूस. थांबलेला आकडा पुन्हा उतरायला लागला की टाकीत दुसरं कुणीतरी जेवतंय, एवढं त्याला कळायला हवं होतं, आणि मीही विचारून गप्प बसायला नको होतं. चाखणं संपल्यावर मी स्वतः नमुना काढून मोजला. 1018.

हे दुसरं कुणीतरी कोण, ते नाकाने सांगितलंच होतं. प्लेट लावल्या, म्हणजे नमुना पोषक माध्यमाच्या बश्यांत वाढायला ठेवला. त्या माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड असतं, त्यावर आमचं नेहमीचं यीस्ट वाढत नाही, ब्रेटॅनोमायसिस नावाचं दुसरं यीस्ट वाढतं. पण ते हळू, आठवडा-दहा दिवस घेतं. आठव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट ठिपके दिसले. त्यातला एक काचपट्टीवर घेतला. आमचं यीस्ट भिंगाखाली गोलसर अंड्यासारखं दिसतं. ह्या पेशी लांबट, काही एका टोकाला कमानीसारख्या निमुळत्या. प्लेटचं झाकण उघडल्यावर पुन्हा तीच ओली कोल्हापुरी.

ब्रेटॅनोमायसिस या नावाचा अर्थच 'ब्रिटिश बुरशी' असा आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी 1904 मध्ये लंडनला येऊन इथल्या ब्रुअर लोकांना सांगितलं की तुमच्या मुरवलेल्या कडक बिअरची जी खास इंग्लिश चव आहे, ती या यीस्टची करणी आहे. तेव्हा ते लाकडाच्या पिंपांत राहायचं. मग स्टील आलं, कॉस्टिक सोड्याने धुणं आलं, आणि इंग्लिश चवीचं यीस्ट इंग्लिश ब्रुअरीत दोष ठरलं. अपवाद थोडे. सफकमध्ये ग्रीन किंग ही ब्रुअरी आपली 'ओल्ड फाइव्ह एक्स' दोन वर्षं ओकच्या मोठ्या पिंपांत ठेवायची, पिंपांच्या झाकणांवर तिथल्या मातीचा थर द्यायची आणि मग ती ताज्या बिअरमध्ये मिसळून 'स्ट्राँग सफक' करायची. विरजण घालून दही लावण्यासारखीच ही समज आहे, जुन्याचा थोडा अंश नव्यात. ती आमच्याकडे उरलेली नाही.

आमच्या टाकीत ते आलं कुठून, हे शोधायला दोन दिवस लागले. तळघरात प्रयोगासाठी घेतलेली तीन जुनी ओकची पिंपं आहेत. त्यांचे होज, म्हणजे बिअर वाहून नेणाऱ्या नळ्या, वेगळे असायला हवेत, म्हणून मी दोन वर्षं वेगळा संच मागत होते आणि दोन्ही वर्षं तो पुढच्या अंदाजपत्रकात ढकलला गेला. उन्हाळ्यात कामाची गर्दी असताना कुणीतरी पिंपाचा होज टाकी सातला लावला. धुतलेला होता, नोंद आहे. पण जोडातल्या रबरी गॅस्केटला नखाएवढी चीर होती. मी ते गॅस्केट बोटांत धरून वाकवलं तेव्हा चिरेत तपकिरी रेघ दिसली. कॉस्टिक तिथे पोचत नाही.

मग बैठक. लेबलं छापून आली होती, दुकानांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. विक्रीवाल्यांचं म्हणणं, लोकांना आवडणार असेल तर अडचण काय? तीस बॅरल, म्हणजे जवळजवळ 4,900 लिटर, 8,640 पाइंट. मी म्हटलं, चव हा प्रश्नच नाही. हे यीस्ट थांबलेलं नाही. जी साखर आमचं यीस्ट खात नाही ती हे सावकाश खातं, आणि ग्रॅव्हिटीचा प्रत्येक अंक उतरला की बाटलीत साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाएवढा, वायू वाढतो. आणखी सहा अंक उतरले तर नेहमीच्या दोन व्हॉल्यूमच्या जागी पाच होतील. आमची बाटली त्यासाठी केलेली नाही. डिसेंबरमध्ये कुणाच्या स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या कपाटात ती फुटेल. शिवाय 1018 ला ताकद 8.6 झाली होती, करमर्यादाही ओलांडून गेली होती.

पाश्चराइझ करा, बारीक फिल्टरमधून काढा, असेही पर्याय निघाले. आमच्याकडे दोन्हीची सोय नाही, आणि बाहेर पाठवायची तर टँकर, पंप, बाटल्या भरायची लाइन, जिथे जिथे ती जाईल तिथे हे यीस्ट जाणार. हेड ब्रुअर शेवटपर्यंत बोलले नाहीत. मग मला विचारलं, "तुझी शिफारस?" मी सांगितली, त्यांनी मान हलवली. शिफारस बरोबर होती. आजही पुन्हा तीच करीन. तरी त्या खोलीतून बाहेर येताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

एवढी बिअर एकदम गटारात सोडता येत नाही. कडक बिअर सांडपाण्यात गेली तर तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि शुद्धीकरण केंद्राचा सगळा प्राणवायू संपतो. पाणी कंपनीच्या परवान्यात रोजची मर्यादा ठरलेली असते. म्हणून थोडी थोडी, इतर सांडपाण्यात मिसळून, नऊ दिवस ती जात राहिली. नऊ दिवस अंगणात मनुका आणि लवंगेचा वास होता. पोस्टमनने विचारलं, केक भाजताय का? मी हो म्हटलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी हेड ब्रुअर ग्लास घेऊन टाकीपाशी आले. नळातून थोडी घेतली, मलाही दिली. निळा नव्हे, साधा ग्लास होता, त्यामुळे रंग पहिल्यांदा नीट दिसला, जुन्या शिसवीच्या कपाटासारखा. ते म्हणाले, शाळेत असताना वडिलांबरोबर एका पबच्या तळघरात उतरलो होतो, तिथे हा वास होता. आम्ही दोघं बाकी काही बोललो नाही. ग्लास धुऊन ठेवले.

वेगळे होज आता आले आहेत, लाल पट्टीचे. गॅस्केट दर तीन महिन्यांनी बदलतात. तळघरातल्या तीन पिंपांत हीच बिअर मुद्दाम, त्याच यीस्टने, दोन वर्षं मुरवावी, असा प्रस्ताव मी नोव्हेंबरमध्ये दिला. फॉर्ममध्ये 'नमुन्याप्रमाणे' आणि 'दोष' यांच्या मध्ये आणखी एक रकाना असावा, असंही त्यात लिहिलं आहे. दोन्हींचं उत्तर आलेलं नाही.

टाकी सातमधली पाच लिटर मी दाब सोसणाऱ्या स्टीलच्या छोट्या केगमध्ये ठेवली आहे, प्रयोगशाळेच्या थंड कोपऱ्यात, 12 अंशांवर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजते. नोव्हेंबर 1017, डिसेंबर 1016, जानेवारी 1015. या महिन्यात 1014 भरली, आणि तबेला थोडा मागे सरकून अननस पुढे आला आहे.