कोरड्यातलं पाणी

मोरचुदाचे खडे हातात घेतले तर खडखडीत कोरडे लागतात. पण त्यांच्या वजनातला ३६ टक्के भाग पाण्याचा! परीक्षानळीत तापवले की निळाई उडून जाते, नळीच्या तोंडाशी थेंब धरतात आणि तळाला पांढरट भुकटी उरते. धुण्याच्या सोड्याचे स्फटिक तर जवळजवळ ६३ टक्के पाणीच. पैसे पाण्यात गेले म्हणायचं ते असं.

पाणी मोजायची जुनी रीत साधी. वजन करा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, गार करा, पुन्हा वजन करा. घट झाली तेवढं पाणी. या रीतीवर माझा कधी फारसा जीव बसला नाही. घरातून कोणीतरी निघून गेलं एवढंच तराजू सांगतो, कोण गेलं ते त्याला ठाऊक नसतं. पाण्याबरोबर अल्कोहोलही उडालं असेल, तरी ते पाण्याच्याच खात्यावर. उलट मोरचुदाने धरून ठेवलेल्या पाण्याच्या पाच रेणूंपैकी पाचवा दोनशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय जागचा हलत नाही.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फिशर यांनी १९३५ साली थेट पाण्यालाच गाठलं. आयोडीन, सल्फर डायऑक्साइड, पिरिडीन आणि मिथेनॉल असं त्यांचं मिश्रण. आयोडीन आणि सल्फर डायऑक्साइड यांचं जमायला इथे पाणी लागतं. पाणी आहे तोवर थेंबाथेंबाने पडणारं आयोडीन खपत राहतं. पाणी संपलं की त्याला गिऱ्हाईक उरत नाही आणि पिवळा रंग तपकिरीकडे झुकतो. झाला एंड पॉइंट. हल्ली तो इलेक्ट्रोड ओळखतो, आणि घाणेरड्या वासाच्या पिरिडीनची जागा इमिडाझोलने घेतली आहे. नाकांनी सुटकेचा श्वास टाकला असणार!

पण केएफलाही, म्हणजे कार्ल फिशरच्या या रीतीलाही, चकवणारे भेटतात. क जीवनसत्त्व स्वतःच आयोडीन फस्त करतं. हवेतली ओल झाकणाच्या फटीतून आत शिरते, म्हणून नमुना टाकण्याआधी ड्रिफ्टचा, म्हणजे आपोआप आत शिरत राहणाऱ्या ओलीचा, आकडा स्थिर होईपर्यंत ताटकळत बसायचं. सगळ्यात वस्ताद ॲसिटोन. ते मिथेनॉलशी संग करून भांड्यातच नवं पाणी तयार करतं. आपण मोजतोय आणि ते भर घालतंय! आकडा चढतच जातो. त्याच्यासाठी मिथेनॉल नसलेलं वेगळं रिएजंट आणावं लागतं, आणि त्या बाटलीचं बूच उघडं टाकणाऱ्याला लॅबमध्ये दिवसभर बोलणी बसतात.