टेबलाला भोक न पाडता: अँगलच्या तुकड्यांचा क्लॅम्प, आतापर्यंतचं काम

टेबलाच्या काठावर आवळून बसणारा हा ब्रॅकेट सध्या आमच्या ग्रामपंचायतीत, कॉम्प्युटरच्या टेबलावर बसला आहे. त्यावर एलईडी लॅम्प आणि जुन्या नोंदवह्या टेकवायचा उतरता स्टँड, दोन्ही आहेत. १२ मिमीपासून ७५ मिमीपर्यंतचा कुठलाही काठ तो धरतो. वेल्डिंग फक्त एका नटाला, तेही दोन टाके. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे व्हाइस, ग्राइंडर आणि हातातलं ड्रिल एवढंच असतं. तेवढ्यात हे होतं, म्हणून मापांसकट लिहून ठेवतो.

भोक का नाही, ते आधी. शाळा असो की ग्रामपंचायत, टेबल डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायमच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेलं असतं. ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर ऑपरेटर माझा मित्र. त्याला लॅम्प हवा होता, कारण खोलीत उजेड मागून येतो आणि नोंदवहीवर त्याचीच सावली पडते. मी ड्रिल घेऊन गेलो तर ग्रामसेवकांनी दारातच सांगितलं, "भाऊ, भोक नका पाडू. ऑडिटले मले उत्तर द्या लागते." त्यांचं म्हणणं रास्त होतं. भोक पडलं की टेबल बदलेपर्यंत ते राहतं, लॅम्पची जागा मात्र ऋतूप्रमाणे बदलावी लागते.

बाजारात मिळणारे क्लॅम्प बहुतेक सरळ, सपाट काठासाठी असतात. आपल्याकडची टेबलं तशी नाहीत. गावात हिंडून मी काठ मोजले. शाळेच्या ऑफिसात १९ मिमी प्लायवर सनमायका, खाली कडेला लाकडी पट्टी मारून काठ जाड केलेला. सोसायटीत जुनं सागवानी टेबल, फळीच्या खाली चौकट. ग्रामपंचायतीत लोखंडी टेबल: वरचा पत्रा कडेला खाली दुमडलेला आणि आतून पोकळ. सेवा केंद्रात पार्टिकल बोर्ड, कूलरच्या बाजूचा काठ पाण्याने फुगलेला. एकच ब्रॅकेट या चारही काठांवर बसला पाहिजे, हे ठरवूनच काम सुरू केलं.

डिसेंबर

पहिला नमुना खिडकीच्या जाळीला वापरतात त्या ४० बाय ५ च्या पट्टीचा, गरम करून सी आकारात वाकवलेला. हिशोब आणि हात जुळतात का, हे बघायला तो मुद्दाम केला. हिशोब असा: एम१० चा, म्हणजे १० मिमी व्यासाचा स्क्रू, ४० मिमी व्यासाची मूठ, बोटांनी नीट आवळली तर साधारण २ न्यूटन-मीटर पीळ बसतो. कोरड्या आट्यांवर दाब काढायचं ढोबळ सूत्र म्हणजे पिळाला व्यासाच्या पाचव्या हिश्शाने भागायचं. उत्तर येतं १००० न्यूटन, म्हणजे जवळपास १०० किलोचा भार. हा भार सी च्या उभ्या पाठीपासून ४५ मिमीवर पडतो, पट्टीच्या मध्यापर्यंत धरलं तर ४८. त्याने पट्टीत ताण तयार होतो तो प्रति चौरस मिलिमीटर २८८ न्यूटन. साधं लोखंड २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं.

तसंच झालं. कसला, काढला, काटकोन तपासायचा गुण्या लावला: जबडा उघडला होता. टेबलावर असताना डोळ्यांना काही दिसत नाही, लॅम्प मात्र रोज थोडा थोडा झुकत जातो. ज्यांचा क्लॅम्प "आपोआप सैल होतो" त्यांनी आटे तपासण्याआधी जबड्याला गुण्या लावावा. एम१० च्या आट्यांचा चढ ३ अंशांच्या आसपासच असतो. एवढ्या कमी चढावर घर्षण स्क्रूला उलटा फिरू देत नाही. फॅन किंवा शिलाई मशीन सतत थरथरत असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी अडचण लांब स्क्रूची. १२ ते ७५ मिमीचा पल्ला एकट्या स्क्रूने गाठायचा तर तो पातळ टेबलाखाली लोंबकळतो. बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागतो, आणि इतका लांब बाहेर आलेला स्क्रू डोलतोही. म्हणून ठोक माप भोकांनी आणि बारीक माप स्क्रूने, अशी कामाची वाटणी करायची ठरली.

जानेवारी ते मार्च

इथे या कामाचा गाभा आहे. हिंगणघाटला लोखंडाच्या दुकानात ७५ बाय ७५ बाय ६ चा अँगल, म्हणजे एल आकाराचं लोखंड, पडला होता, तो बघताना सुचलं की वाकवायचं कशाला? अँगलचा ५० मिमी रुंद काप घेतला की तयार काटकोन हातात येतो. गिरणीतून तसाच रोल होऊन आलेला असतो, कोपऱ्यात ना जोड ना ताणलेलं लोखंड.

मात्र अँगल कसा लावायचा, यात सगळं आहे. आतल्या कोपऱ्याला गोलाई असते, त्यामुळे टेबलाचा चौकोनी काठ तिथे पूर्ण बसत नाही. बाहेरचा कोपरा मात्र धारदार काटकोनी असतो. म्हणून मी दोन्ही तुकडे उलटे लावले, पाठ टेबलाकडे. वरच्या तुकड्याचा एक पाय टेबलावर आडवा, दुसरा वर उभा. खालच्याचा एक पाय टेबलाखाली आडवा, दुसरा खाली लोंबता. दोन्हींचे उभे पाय ५० बाय ८ च्या, २२० मिमी लांब पट्टीला एम८ बोल्टांनी जोडले. टेबलाचा काठ सरळ या पट्टीला टेकतो. दोन जबड्यांमध्ये दुसरं काही नसल्यामुळे ते हवे तितके जवळ आणता येतात. शिवाय वरचा उभा पाय आयताच सामान लावायची जागा झाला: जे बोल्ट तो धरतात, तेच लॅम्पची प्लेटही धरतात.

पट्टीला वर दोन भोकं, खालच्या तुकड्यासाठी चार, सगळी ८.५ मिमीची. खालची भोकं २० मिमी अंतराने, आणि खालच्या तुकड्याचे दोन बोल्टही २० मिमी अंतराने. स्क्रूची धाव, म्हणजे तो वरखाली जेवढा सरकतो ते अंतर, २५ मिमी. धाव भोकांच्या अंतरापेक्षा जास्त ठेवायची, म्हणजे दोन पायऱ्यांमध्ये कुठलंच माप सुटत नाही. पहिल्या जागी १२ ते ३७, दुसऱ्या जागी ३२ ते ५७, तिसऱ्या जागी ५२ ते ७७. शेवटचे दोन मिलिमीटर मी धरत नाही. खालच्या तुकड्याचा लोंबता पाय ग्राइंडरने ५० मिमीवर कापला.

भोकं पाडताना अँगल आणि पट्टी एकत्र आवळून आधी ४ मिमीचं ड्रिल, मग ८.५. हळू गती आणि तेलाचा थेंब. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की वेल्डिंगचा आर्क धरत नाही, ड्रिल मात्र चालतं. गावात बसून करायच्या कामात हा फरक मोठा आहे.

ताण पुन्हा काढला. अँगलच्या कोपऱ्यात १५०, पाठीच्या पट्टीत भोकाच्या जागी १११. पाठीला ६ मिमीची पट्टीही चालली असती, तिथे १९३ येतो. पण आट्यांना ग्रीस लागलं की तेवढ्याच पिळात दाब जवळपास एक तृतीयांशाने वाढू शकतो, आणि मग ६ मिमीची पट्टी काठावर येते. म्हणून ८. आडवा दांडा असलेली मूठ मी जाणूनबुजून टाळली. दांडा दिसला की कोणीही जोर लावतो, आणि पार्टिकल बोर्ड चेपतो. ४० मिमीची गोल मूठ हाताला आपोआप आवर घालते.

आता नट. ५ ते ६ मिमीच्या लोखंडात टॅप मारून थेट आटे पाडले तर दीड मिमीच्या पिचचे, म्हणजे दीड मिमी अंतराचे, जेमतेम चार आटे मिळतात. एम१० चा नट ८ मिमी उंच असतो, त्यात पाचाहून जास्त. नट जबड्याच्या वरच्या अंगाला, टेबलाच्या बाजूने बसवायचा. स्क्रू टेबलाला वर दाबतो, तेव्हा नट खाली ढकलला जातो. वरच्या अंगाला असेल तर तो प्लेटवर आणखी घट्ट बसतो. दोन टाक्यांनी फक्त त्याला फिरू द्यायचं नाही. खालच्या अंगाला लावला तर सगळा भार वेल्डिंगला उखडायला बघतो. टाके मारण्याआधी नटावरचं जस्त कानशीने काढा, त्याचा धूर छातीला वाईट. आणि तेल लावलेला जुना बोल्ट नटात घालून ठेवा, म्हणजे ठिणग्यांनी आटे खराब होत नाहीत.

बोल्टांसकट सगळं दीड किलोच्या घरात जातं. टेबलावर ठेवायच्या वस्तूला हे वजन मला चालतं.

एप्रिल आणि मे

टेबलावर बसवल्यावर खरी परीक्षा दाबाच्या जागेची. ३ किलोची वस्तू स्क्रूपासून ४० सेंटिमीटर पुढे धरली तर पीळ जवळपास १२ न्यूटन-मीटर येतो. नुसता कसलेला असताना वरच्या जबड्याचा दाब स्क्रूच्या नेमका वर, म्हणजे पाठीपासून ४५ मिमीवर असतो. या पिळाने तो १२ मिमी पुढे सरकून ५७ वर जातो. जबडा ७५ पर्यंत आहे, म्हणजे पुढे अजून १८ मिमी शिल्लक. दाब जबड्याच्या टोकापर्यंत पोचला की मागची बाजू उचलायला लागते. तुमचा क्लॅम्प आखताना वरचा जबडा स्क्रूच्या पुढे किती जातो, हे माप सगळ्यात आधी ठरवा. आखूड वरचा जबडा आणि लांब हाताचा लॅम्प ही जोडी जमत नाही. पिशवीचा हूक लावायचा असेल तर पीळ उलटा येतो, दाब पाठीकडे सरकतो, आणि तिथे ४५ मिमीची जागा आहे.

टेबलाला जपायचं काम पॅडचं. २५ मिमी व्यासाच्या गोल पॅडवर १००० न्यूटन म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर २ न्यूटन. ५० बाय ५० च्या चौकोनावर तेच ०.४ होतात. पार्टिकल बोर्डावर हा फरक बोटाला जाणवतो. रबर म्हणून आधी सायकलची ट्यूब लावली. ती दाबाखाली पसरत राहते, पुन्हा पुन्हा आवळावं लागतं, आणि काळ्या रबराचा डाग सनमायक्यावर उमटतो. आता पिठाच्या चक्कीचा जुना पट्टा लावला आहे. आत कापडाचे थर असल्यामुळे तो पसरत नाही. सनमायक्यासाठी त्यावर चामड्याचा पातळ तुकडा चिकटवला.

ग्रामपंचायतीचं पोकळ लोखंडी टेबल वेगळंच प्रकरण. दुमडलेल्या काठाच्या आत पॅड वर जाऊन पत्र्याला भिडतो, आणि पातळ पत्रा तेवढ्या दाबाने वर फुगतो. मिस्त्रीकडून सागाचा ठोकळा घेतला, दुमड जितकी खोल तितकाच उंच आणि तळहाताएवढा रुंद. तो आत घालून त्याखालून कसलं. भार थेट पत्र्यावर न पडता ठोकळ्यावर पसरतो. चारही टेबलांत मला सगळ्यात समाधान इथे मिळालं, कारण अशा टेबलासाठी तयार क्लॅम्प मी कुठेच बघितला नव्हता.

ऊन वाढल्यावर प्लास्टिकचा प्रश्न निघाला. मूठ वर्ध्याच्या एका मित्राने थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढून दिली आहे. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, पण सतत दाब असेल तर त्याच्या कितीतरी आधीच हळूहळू सरकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. मुठीवर भार येतो तो फिरवतानाच, म्हणून ती टिकली आहे. पॅड किंवा जबडा मात्र पीएलएचा करू नका. प्लास्टिकच हवं तर पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक बरं, ते ८० पर्यंत तग धरतं. तरी कायमच्या दाबाला मी लोखंडच लावीन.

कूलरच्या ओल्या वाऱ्यामुळे गंज येतो. रेड ऑक्साइडचा हात, त्यावर ऑइल पेंट, आणि स्क्रूला थोडं ग्रीस. याच वाऱ्याने नोंदवहीची पानं उडतात, म्हणून उतरत्या स्टँडला वर एक स्प्रिंगची पट्टी बसवली. मित्र आता दोन्ही हातांनी टाइप करतो. एक हात पानावर ठेवायची गरज राहिली नाही, आणि या वर्षीच्या सगळ्या खटपटीत मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

पुढचं

कॅमेऱ्यासाठी वरच्या उभ्या पायाला ६.६ मिमीचं भोक घेतलं आहे, त्यातून पाव इंची, इंचाला २० आट्यांचा बोल्ट जातो. कॅमेरे आणि बरेच वेबकॅम त्यावर बसतात. मॉनिटरसाठी वेगळी प्लेट कापायची आहे, मॉनिटरच्या पाठीवर असतात तशा ७५ आणि १०० मिमी अशा दोन्ही चौकोनांची, एम४ च्या भोकांची.

पॅड स्क्रूच्या टोकावर डुलता ठेवायचा आहे. सध्या बोल्टचं टोक ग्राइंडरने गोल करून पॅडमध्ये १२ मिमीच्या ड्रिलने अर्धवट खड्डा पाडला आहे. कसल्यावर तो फुगलेल्या काठावरही नीट टेकतो, पण सैल केला की खाली पडतो. टोकाच्या जरा खाली कानशीने खाच पाडून तिच्यात तारेची कडी अडकवायची, आणि कडीवरून पॅडला एक पातळ पत्रा स्क्रूने धरायचा, असा विचार आहे. लेथ नसताना कोणी हे दुसऱ्या रीतीने केलं असेल तर खाचेची खोली आणि तारेची जाडी कळवा. माझ्याकडे २ मिमीची तार आहे, आणि एम१० च्या बोल्टला तेवढी खाच पाडल्यावर आत ६ मिमीच लोखंड उरतं. ओढायला ते पुरेल, पण सैल करताना कोणी मूठ आडवी ओढली तर टिकेल का, हे मला करूनच बघायचं आहे.