भिंतीकडचा वाफा

प्रयोगशाळेचा अहवाल सकाळी सात वाजता फोनवर आला आणि त्याच दिवशी दहा वाजता बागेतली पहिली तोडणी होती. मी तो आकडा तीनदा वाचला. भिंतीलगतचा नमुना : शिसं 860 पीपीएम, म्हणजे मातीच्या दहा लाख भागांत 860 भाग.

वस्तीतल्या पडीक जागांवर लोकांना भाजीपाला पिकवायला मदत करायची, हे माझं काम. जागा पाहायची, माती तपासून घ्यायची, खत-बियाण्याची जुळवाजुळव करायची, पाण्याच्या पाळ्या लावायच्या आणि त्या पाळ्यांवरून होणारी भांडणं मिटवायची. ही बाग सुरू झाली ती पुरानंतर. चार दिवस रस्ते बंद होते, भाजीची एकही गाडी आली नाही आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या. आपल्यापर्यंत येणारं अन्न एकाच रस्त्यावर अवलंबून आहे, हे तेव्हा सगळ्यांना उमगलं. पाडलेल्या घरांची जागा मोकळी पडली होती. चौदा घरं एकत्र आली.

सुरुवातीला मी माती तपासली होती, रीतसर. दहा ठिकाणी खड्डे घेतले, वीतभर खोलीची माती काढली, सगळी एका घमेल्यात मिसळली आणि त्यातली अर्धा किलो पाठवली. निकाल आला 113. अमेरिकेत घराभोवतीच्या मातीसाठी आधी 400 पीपीएमची मार्गदर्शक पातळी होती, ती 2024 मध्ये 200 वर आणली. आपण त्याच्याही आत आहोत म्हणून मी निश्चिंत झाले. आता हिशेब करा : नऊ खड्ड्यांत तीस-तीस आणि एकात 860, तर सरासरी येते 113. मिसळलेल्या घमेल्यात तो एक खड्डा दडून गेला होता. चूक प्रयोगशाळेची नव्हती, माझी होती. जिथे घरं पाडलेली असतात तिथली माती वावभर अंतरावर बदलते. ती एका घमेल्यात घालायची नसते.

ते लक्षात आलं आजींमुळे. भिंतीकडचा वाफा त्यांचा. महिन्यापूर्वी खुरपताना त्यांनी तळहातावर एक निळा पापुद्रा ठेवून मला दाखवला. नखाएवढा, कडेला पांढरा, मोडला की आत पिवळा थर. ‘‘या भिंतीला तीन रंग लागलेले मी पाहिलेत गं,’’ त्या सहज म्हणाल्या. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. गाड्यांच्या पेट्रोलमध्येही असायचं, ते जगातून पुरतं हद्दपार व्हायला 2021 साल उजाडलं. पण रंग खरवडला, पेट्रोल बंद झालं, म्हणून मातीतलं शिसं जात नाही. ते कुजत नाही, सहसा झिरपून खोल जात नाही, वरच्या थरात बसून राहतं. मी प्रत्येक वाफ्याचा वेगळा नमुना पाठवला आणि अहवाल येईपर्यंत भिंतीकडचं काही तोडू नका, एवढंच सांगितलं. कारण सांगितलं नाही. ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

नऊ वाजता मी आजींच्या दारात उभी होते. सगळ्यांसमोर त्यांना कळावं असं मला वाटत नव्हतं. पायरीवर बसून अहवाल दाखवला. त्यांनी चष्मा लावला, आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘नातू परवा तिथेच खेळत होता. त्याचं काय?’’

मी खरं ते सांगितलं. भाजीपेक्षा धुळीची भीती मोठी. मुलं मातीत हात घालतात, तोच हात तोंडात जातो. मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. घाबरवायचं नव्हतं, पण ‘काही होत नाही’ असं म्हणणं माझ्या तोंडून निघेना. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘आधी त्याला नेते. बागेत नंतर येते.’’

दहा वाजता लोक टोपल्या घेऊन जमले. मी सगळं सांगितलं, माझ्या घमेल्यासकट. एक काका तडकले, ‘‘म्हणजे सहा महिने आम्ही विषात राबतोय?’’ त्यांचा राग रास्त होता. मी वाफ्यांचे आकडे एकेक करून वाचले. बाकी नऊ वाफे 25 ते 40 च्या दरम्यान होते, म्हणजे साध्या मातीत आढळतं तेवढंच. टोमॅटो आणि घेवडा तिथे होता. शिवाय टोमॅटोच्या फळात शिसं फारसं चढत नाही. पालकाच्या पानांवर मात्र धूळ बसते, मुळ्याला माती चिकटते. आणि आजींच्या वाफ्यात नेमके तेच दोन होते, पालक आणि मुळा.

टोमॅटो तोडले. साडेसहा किलो भरले, चौदा घरांत वाटले. पण कोणी फोटो काढला नाही.

मग भिंतीकडचा वाफा. आधी माती भिजवली, धूळ उडू नये म्हणून. पालक इतका जोमदार होता की पानं तळहाताहून रुंद झाली होती. उपटताना मुळांना ओली काळी माती लगडून येत होती. एका ताईने सवयीने तो भारा कंपोस्टच्या खड्ड्याकडे नेला, तिला धावत जाऊन थांबवलं. त्या खड्ड्यातलं खत उद्या सगळ्या वाफ्यांत जाणार होतं. सगळं पोत्यात बांधून वेगळं ठेवलं आणि उघड्या मातीवर पुठ्ठे अंथरून जाड आच्छादन घातलं.

काका तोवर शांत झाले होते. ‘‘मग ही जागा गेलीच?’’ त्यांनी विचारलं. मी त्यांना क्युबातल्या हवाना शहराचं सांगितलं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाला येणारं इंधन, खत, धान्य आटलं. तेव्हा तिथल्या लोकांनी शहरातल्या पडीक जागा लागवडीखाली आणल्या. जिथे जमीन निकामी किंवा फरसबंद होती तिथे कडा बांधून आत माती आणि कंपोस्ट भरलं, वरच्या वर भाजी घेतली. आपल्यालाही तेच करता येईल : खाली जाड कापड, वर हातभर उंच कडा, बाहेरून आणलेली तपासलेली माती. काकांनी विटा मोजायला घेतल्या.

आजी चार वाजता आल्या. रक्त तपासायला दिलं होतं, निकाल दोन दिवसांनी येणार होता. रिकाम्या वाफ्याकडे त्यांनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. मग एक काडी उचलली आणि वाटेवरच्या मऊ मातीत रेघा ओढू लागल्या. इथे रंगाऱ्याची खोली. इथे न्हाणीघर. इथे विहीर होती, बुजवली. आणि टाकीजवळ, जिथे आम्ही पुढच्या महिन्यात गाजरं पेरणार होतो, तिथे एकजण गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचा.

बॅटरीत शिशाच्याच पट्ट्या असतात. मी वही काढली आणि त्यांच्या रेघा तशाच्या तशा उतरवून घेतल्या. इतक्या वर्षांत मी कितीतरी जागा पाहिल्या, पण इथे आधी काय होतं, हे तिथल्या जुन्या माणसाला आधी विचारायचं मला सुचलं नव्हतं.

‘‘टाकीजवळचा नमुना कधी घेणार?’’ आजींनी विचारलं.

‘‘उद्या सकाळी.’’

‘‘मीपण येते. तो नेमका कुठे बसायचा ते दाखवते.’’