तुम्ही विचारलंत म्हणून : दर डिसेंबरात तेच तळं अन तीच टेकडी

परवा एका लग्नात पुन्हा तोच प्रश्न. "काकू, आता तुम्ही दोघं मोकळे आहात, काका रिटायर झाले, मुलगी तिकडे सेटल झाली, मग केरळ-काश्मीर सोडून दर डिसेंबरात इंदूरजवळचं ते यशवंत सागर तळं अन जानापावची टेकडीच का?" पुण्याची मावशी विचारते, बिल्डिंगमधल्या मुली विचारतात, अन मी दरवेळी "आवडतं आम्हाला" एवढंच म्हणते. ते खोटं नाही, पण अपुरं आहे, म्हणून आज नीट सांगते.

२००६ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला अन त्या अंथरुणाला खिळल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, पुसून घ्यायचं, औषधं. ह्यांची नोकरी पाण्याच्या खात्यात, त्यात पंप बंद पडला की रात्री-बेरात्री जावं लागायचं. पहिलं वर्षभर आम्ही दोघं एकत्र घराबाहेर पडलोच नाही, भाजी आणायलासुद्धा नाही, एक बाहेर गेला की दुसरा घरी. भांडणं नव्हती पण बोलणंही नव्हतं, म्हणजे "डायपर संपलेत" आणि "डॉक्टरांना फोन केला का" ह्याच्या पुढे काही जायचंच नाही.

२००७ च्या डिसेंबरात माझ्या मोठ्या नणंदबाई उज्जैनहून आल्या अन म्हणाल्या, उद्या सकाळी सातला तुम्ही दोघं निघा, कुठेही जा, संध्याकाळी सहाच्या आत या. सहाची वेळ ह्यासाठी की आईंना उचलून बसवायला दोन माणसं लागायची, ते एकट्या वन्संना जमणारं नव्हतं. आता अकरा तासांत जाणार कुठे? मांडू लांब वाटलं, महेश्वरला घाट उतरायचा म्हणजे परत येताना उशीर झाला तर, ही धाकधूक. तेव्हा हे म्हणाले, यशवंत सागर बघून येऊ, हातोदच्या बाजूला, शहरापासून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. स्कूटरवर गेलो. अशी ठंडी होती की मी दोन स्वेटर घालून वर ह्यांचं मफलर गुंडाळलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं अन त्यावर धुकं.

तळं बघून मी गप्पच झाले. मी इंदूरच्या रामबागेतली, १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला येईस्तोवर शहर यशवंत सागर अन बिलावली ह्या तळ्यांवरच जगायचं, म्हणजे सोळा वर्षांची होईपर्यंत ज्या पाण्यानं मी वाढले ते हे, अन मी ते तोपर्यंत कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं! काठावर दशम्या अन लसणाची चटणी खाल्ली, थर्मासमधला चहा प्यायलो. पाण्यावर काळी पाखरं होती, कपाळावर पांढरा ठिपका, ह्यांनी सांगितलं त्यांना मराठीत वारकरी म्हणतात. गंध लावून निघालेत खरे, असं मी म्हटलं अन हे खूप दिवसांनी हसले. मग दूर शेतात दोन सारस दिसले, जवळजवळ माणसाएवढे उंच, डोकं अन मान लाल, आणि ओरडले तेव्हा आवाज पार काठापर्यंत आला. मध्य भारतात सारसांना जी हक्काची ठिकाणं उरली आहेत त्यांत हे एक आहे. २०२२ मध्ये यशवंत सागर अन इंदूरचंच सिरपूर तळं, दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले तेव्हा पेपर वाचून आम्हाला घरचं कुणी पास झाल्यासारखा आनंद झाला होता, आणि २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरबरोबर रामसरचा वेटलँड सिटीचा मान मिळाला तेव्हा वन्संनी उज्जैनहून फोन केला.

तर पहिल्या वर्षी फक्त तळं. निघताना मी सहज विचारलं, हे पाणी येतं कुठून? ते म्हणाले, गंभीर नदीचं. अन ती कुठून येते? "पुढच्या वर्षी दाखवतो."

आता तुम्हाला वाटेल ही केवढीशी गोष्ट. पण मला पुढचं वर्ष आहे, ही खात्री त्या दिवसांत कुणी दिली नव्हती. वर्षभर आईंची कूस बदलताना मध्येच माझ्या डोक्यात यायचं, डिसेंबरात नदीचं मूळ बघायचंय.

२००८ मध्ये सकाळी तळं अन तिथून एबी रोडला (आग्रा-मुंबई रस्त्याला) लागून महूच्या पुढे जानापाव. टेकडीची उंची ८५४ मीटर, वर परशुरामाचं मंदिर अन कुंड, परशुरामाचा जन्म इथला असं मानतात, कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा असते. पण मला धरून ठेवलं ते ह्यांनी वर उभं राहून हात करून जे दाखवलं त्यानं. लोक म्हणतात इथून साडेसात नद्या निघतात. चंबळ निघते, गंभीर निघते, त्या उत्तरेकडे जातात. गंभीर आधी आपल्या यशवंत सागरात येते, पुढे क्षिप्रेला मिळते अन क्षिप्रा चंबळेला, म्हणजे एकाच डोंगरावरून निघालेल्या दोघी एवढा फेरा मारून पुन्हा भेटतात, मग यमुना, गंगा, बंगालचा उपसागर. आणि त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस चोरल, कारम अशा नद्यांतून नर्मदेला जातो, तिथून खंभातच्या आखाताला. हे काही वर्षं जलूदला होते, जिथून नर्मदेचं पाणी पंपांनी सुमारे ७० किलोमीटर घाट चढवून इंदूरला आणतात. चोरल बडवाहाजवळ नर्मदेला मिळते, जलूद त्याच्या खाली. म्हणजे टेकडीच्या उत्तरेचं पाणी उतारानं आपल्या तळ्यात आलं, अन दक्षिणेचं नर्मदेत उतरून पंपावर बसून परत वर आपल्या नळाला आलं. हे सांगताना ह्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पंचवीस वर्षं मी ह्या माणसाच्या नोकरीला नावं ठेवत होते, की रात्री-अपरात्री फोन येतो, सणाला घरी नसतो, आणि तो नक्की काय करतो ते मला त्या दिवशी त्या वाऱ्यात उभं राहून कळलं. मी त्यांना तसं सांगितलंही.

परत पळत आलो, सहाला दहा कमी होते. वाटेत गराडू (आपल्याकडचा थंडीतला कंद) घेतला, आईंना फार आवडायचा. तळून, मऊ कुस्करून, वरून लिंबू अन चिमूटभर जीरावन मसाला टाकून भरवला अन तळ्याचं सगळं सांगितलं. त्यांना बोलता येत नव्हतं पण वारकरी पाखरांचं सांगितल्यावर डावा हात उचलून कपाळाला लावला. वारकऱ्यांचं ऐकूनच तो नमस्कार होता, मला पक्कं माहीत आहे.

मग दरवर्षी डिसेंबरातला तिसरा रविवार ठरून गेला. २०१७ मध्ये आई गेल्या. त्या डिसेंबरात आम्हाला वाटलं आता काय, आता कधीही कुठेही जाता येईल. अन शनिवारी संध्याकाळी वन्संचा फोन, मी सकाळच्या बसने येतेय, तुम्ही सातला निघा. मी म्हटलं, वन्सं, आता घरी कोण आहे बघायला? त्या म्हणाल्या, मी बसते ना, तुम्ही जा. आम्ही निघालो तेव्हा त्या आईंच्या रिकाम्या पलंगाशेजारी त्याच खुर्चीवर मेथी निवडत बसल्या होत्या.

केरळला जाऊ की, तिकिटं काय कधीही काढता येतात. पण हा दिवस आम्हाला कुणीतरी दिलेला आहे, तो परत कसा करणार?

ज्यांना जायचंय त्यांना एवढंच सांगते, तळ्यावर उन्हं चढायच्या आत पोहोचा, पाखरांच्या जवळ जायचा हट्ट करू नका. तळ्याजवळच्या गुलावटला कमळं बघायची तर तीही सकाळीच, नंतर फोटोवाल्यांची गर्दी होते. जानापावला रस्ता वरपर्यंत आहे, आम्ही तरीही गाडी खाली ठेवून चढतो, आता मध्ये दोनदा बसावं लागतं.

मागच्या वर्षी परत आलो तर वन्सं म्हणाल्या, इतकी वर्षं ऐकतेय, ते तळं मी काही बघितलं नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो, आम्हाला हे सुचलंच नव्हतं. त्या आता बहात्तरच्या आहेत, चढ जमणार नाही, म्हणून यंदा गाडी टेकडीच्या वरपर्यंत नेणार. पुढची सीट त्यांची, मी मागे. दशम्या तिघांच्या करायच्यात अन मफलर एक जास्त घ्यायचंय.