तुम्ही विचारलंत म्हणून: व्याजाचं तोंडी गणित

"पैसे दुप्पट कधी होतील, हे तुम्ही कॅल्क्युलेटर न काढता कसं सांगता?" बँकेतून निवृत्त झालो तरी हा प्रश्न सुटलेला नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच.

७२ ला व्याजदराने भागायचं, झालं. ८ टक्के असेल तर ९ वर्षं, ६ टक्के असेल तर १२. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ सालीच हा आडाखा छापून ठेवलाय, तोही सिद्ध न करता. काटेकोर हिशेबात ६९ च्या जवळपासचा आकडा येतो, पण ६९ ला भागत कोण बसणार? ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ सगळ्यांनी भाग जातो. शिवाय वर्षातून एकदा व्याज धरलं की ८ टक्क्यांपाशी तो जवळजवळ तंतोतंत बसतो. त्याच्या वर गेलात तर दर ३ टक्क्यांमागे ७२ मध्ये एक मिळवा. २० टक्क्यांना ७६ धरा, ३.८ वर्षं, अगदी बरोबर.

पडताळा हवा असेल तर पोस्टात जा. एप्रिल २०२३ मध्ये किसान विकास पत्राचा दर ७.५ टक्के झाला आणि दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, १२ ने गुणून बघा. हेच पत्र १९८८ मध्ये निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचं, म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. जुनी माणसं त्या दराच्या आठवणी काढतात ते उगाच नाही.

मी स्वतः मात्र हे गणित उलटं जास्त वापरतो. कुणी म्हणालं, "दोन वर्षांत दामदुप्पट," की ७२ ला २ ने भागायचं. ३६ टक्के, आणि इतक्या वरच्या दराला आडाखा कमीच सांगतो. खरा दर ४१ च्या पुढे. एवढं देणारा धंदा कोणता, हे समोरच्यालाच विचारावं. बहुतेक वेळा तिथेच विषय बदलतो.

कर्जाला वर्षांऐवजी महिने धरा. क्रेडिट कार्डावर महिना साडेतीन टक्के लागत असतील आणि तुम्ही काहीच भरलं नाही, तर दंड न धरताही २० महिन्यांत देणं दुप्पट. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता, मुंबई इलाख्यात कोर्टंही तो लावत: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. कार्डवाल्यांना असला काही नियम नाही.

कराचं विसरू नका. ७ टक्क्यांची एफडी आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात, तर हातात ४.९ टक्के. दहा वर्षांची दुप्पट पंधराव्या वर्षाला टेकते.

सर्वात जास्त घोटाळा होतो आरडीत. "७ टक्के आहे, दहा वर्षांत दुप्पट ना?" नाही. ७२ चा आडाखा एकरकमी ठेवीचा. दरमहा ५,००० भरलेत तर पहिला हप्ता दहा वर्षं राहतो आणि शेवटचा जेमतेम महिनाभर. सरासरी पाचच वर्षं धरा. ६ लाखांचे साडेआठ लाखांच्या आसपास होतील, १२ नव्हे.